केसपेपरवरची पहिली ओळ

सोयाबीनची सुगी आणि दिवाळी आमच्या परभणी जिल्ह्यात हातात हात घालून येतात. कापणीची गुत्ती सुटतात, रानोरान गंजी लागतात, आणि पावसाचा भरवसा नसल्यामुळे ट्रॅक्टरला हडंबा जोडून रात्री उशिरापर्यंत मळणी चालते. याच दिवसांत हडंब्यात हात गेल्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते. त्या दोन ओळींतली माणसं काही महिन्यांनी माझ्यासारख्या वकिलाच्या टेबलापुढे बसतात. नुकसानभरपाईची प्रकरणं चालवून माझं एक मत पक्कं झालं आहे: अशा दाव्याचा निम्मा निकाल अपघाताच्या रात्रीच, दवाखान्याच्या केसपेपरवर लागून गेलेला असतो.

हडंब्यात पेंढी सरकवताना ओलसर काड तोंडाशी अडकतं. ते हाताने आत ढकलायची सवय सगळ्यांनाच. शर्टाची बाही किंवा हाताला गुंडाळलेलं फडकं ड्रमच्या दातांना लागलं, की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. कुणीतरी ट्रॅक्टरवर उडी मारून मशीन बंद करतं, तोवर बोटं, कधी मनगटही, गेलेलं असतं. मग मिळेल त्या गाडीत घालून दवाखाना. तिथे डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’ शुद्ध हरपत चाललेला माणूस काय सांगणार? सांगतो तो सोबतचा, आणि सोबतचा बहुधा मालकाचा भाऊ असतो, नाहीतर मुकादम. ‘घरी पडला’ किंवा ‘स्वतःच्या शेतात काम करत होता.’ घाईत तेच लिहिलं जातं. पुढे उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ मोठ्याने वाचतो.

बरं, हे सगळं मालकच घडवून आणतो असंही नाही. जखमी माणूस स्वतःच म्हणतो, ‘साहेब, मालकाचं नाव नका टाकू. उद्या त्याच्याच रानात जायचंय.’ उचल घेतलेली असते, पाडव्यापर्यंतचं साल ठरलेलं असतं. ही भीती खोटी नाही, म्हणून तिच्यावर मी कधी हसत नाही.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा. तो फक्त कारखान्याला लागू, हा समज गावोगाव पक्का बसला आहे. पण ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनाने होणाऱ्या शेतीतला मजूर त्याच्या यादीत आहेच. पूर्वी ‘हा तर चार दिवसांचा रोजंदारीवाला’ असं म्हणून मालक सुटू शकत असे. 2000 सालच्या दुरुस्तीने ती पळवाटही बुजली. ‘त्याचीच चूक होती’ हा बचाव तर या कायद्यात जवळजवळ चालतच नाही. निष्काळजीपणा कुणाचा, हे पाहायचंच नसतं. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरे. दारू प्यायला होता हा मुद्दासुद्धा मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर टिकत नाही.

हिशेब कोरडा आहे, पण एकदा तरी करून पाहावा. तीस वर्षांचा गडी, महिना 12,000 रुपये. संपूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे 60 टक्के, म्हणजे 7,200, गुणिले वयाचा गुणांक. तिसाव्या वर्षासाठी तो 207.98 आहे. होतात 14,97,456 रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर त्याच आकड्याचे तितके टक्के. परिशिष्टात एक अंगठा गेला तर 30, एका हाताची चारही बोटं गेली तर 50, अंगठ्यासकट पाचही गेली तर 60. पगार कितीही असो, 2020 पासून हिशेबात 15,000 च्या वर धरत नाहीत. मजुरीचा पुरावा कुठेच नसतो आणि समोरची बाजू ती कमीत कमी सांगते, म्हणून हा आकडा बघता बघता अर्ध्यावर येतो.

टक्क्यांचा घोळ तर विचारूच नका. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र शरीराचं मोजमाप सांगतं. पेन्शन-सवलतींसाठी त्यात 40 टक्के भरले की काम भागतं. नुकसानभरपाईत मात्र कमाईची ताकद किती गेली ते पाहायचं असतं. 1968 साली एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपंगत्व शंभर टक्के धरलं. प्रताप नारायण सिंग देव यांच्या नावाने ओळखला जाणारा तो निकाल मी आजही फाइलीला जोडतो. ज्याला विळा धरायचा, पोती उचलायची, औत हाकायचं, त्याचा हात गेल्यावर राहिलं काय?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एक हात गेल्यास लाख रुपये मिळतात, पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरच्याला. ज्याचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही त्या सालगड्यासाठी नुकसानभरपाईचा दावा हाच खरा आधार.

निकालाला लागणाऱ्या उशिराचं म्हणाल, तर आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण आहे. 22 एप्रिल 2003 रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. नुकसानभरपाई आयुक्तांनी 3,26,140 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कामावर जातानाचा अपघातही कामातलाच, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा दिले ते जुलै 2025 मध्ये. बावीस वर्षं! 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुना कायदा सामावला आहे आणि जाण्या-येण्यातल्या अपघाताची तरतूद आता तिथे लिहूनच ठेवली आहे. ट्रॉलीत बसून दुसऱ्या गावी निंदणीला जाणाऱ्या बायांसाठी ती फार मोलाची आहे.

तडजोडीबद्दलही सांगायला हवं. पंधरा-वीस हजार हातावर ठेवून बॉन्डपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असा अंगठा घेतला जातो. अंगठा दिला म्हणून लोक दोन-दोन वर्षं गप्प बसतात, आणि जुन्या कायद्यात मुदतही दोनच वर्षांची होती. त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल ठरत असे. कागद झाला असेल तरी दावा करता येतो.

हा अंक वाचणाऱ्यांत हडंबा लावणारे शेतकरीही असतील. ट्रॅक्टरच्या विम्यात मळणीवरचे मजूर येतात का, हे एजंटला आजच विचारा. कुणाला किती रोज दिला हे वहीत लिहून ठेवा. आणि दुर्दैवाने कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना खरं सांगा: हात हडंब्यात गेला, आणि हडंबा माझ्या रानात चालू होता.