चार सीलचं बिल

बिलावरची ओळ अशी होती: चारही चाकांची बेअरिंग काढून, धुऊन, ग्रीस भरून परत बसवली, नवी सील, नग चार. त्याखाली मजुरी, कर आणि सही. टेक्सासमधल्या प्लेनोत राहणारा माझा आतेभाऊ, आमचा दादा, हा कागद अजून फोनमध्ये बाळगून आहे. घरी जेवायला आलेला माणूस इंजिनिअर निघाला, तर आमटी वाढून व्हायच्या आत तो त्याला दाखवला जातो.

पैसे गेल्याचा राग असता तर एव्हाना ओसरला असता. पण दादाने उमेदीची वर्षं चिंचवडला बेअरिंगच्या तपासणी विभागात काढली आहेत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून माल परत पाठवणारा हा माणूस. त्याच्याच ट्रेलरच्या चाकाने त्याला टेक्सासच्या उत्तर टोकाला, मैलोन् मैल झाड नसलेल्या मुलखात अडकवलं, हे त्याच्या जिव्हारी लागलंय.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढायचं घर. पलंग, शेगडी, न्हाणीघर सगळं आत. दादाच्या ट्रेलरला दोन अॅक्सल आहेत, प्रत्येकी साडेतीन हजार पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सोळाशे किलोंचा. अमेरिकेत मध्यम आकाराच्या ट्रेलरखाली बहुधा हाच माल असतो, आणि बेअरिंगचे नंबरही बहुतेक ठरलेले: आतलं एल-६८१४९, बाहेरचं एल-४४६४९. कॅम्पग्राउंडवरच्या जुन्याजाणत्यांना हे नंबर पाठ असतात.

एवढं माहीत असलेल्या माणसाने ते काम दुसऱ्याला का दिलं? कारण प्लेनोतल्या त्याच्या सोसायटीत घरासमोर ट्रेलर उभा करता येत नाही. तो भाड्याच्या आवारात ठेवावा लागतो आणि त्या आवारात दुरुस्तीला बंदी. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रेलर एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेला आणि बिल घेऊन परत आला.

प्रवास कोलोरॅडोचा होता; दादा, वहिनी आणि मी. पालो ड्युरोच्या दरीत मुक्काम केला, अमरिलो मागे टाकलं आणि डलहार्टला डिझेल भरायला थांबलो. दादाची एक सवय आहे: गाडी थांबली की तो चारही हबना उलटा हात लावून येतो. वहिनी त्याला देवळातली प्रदक्षिणा म्हणतात. त्या दिवशी उजवीकडच्या मागच्या चाकापाशी त्याने हात झटकन मागे घेतला. इन्फ्रारेड थर्मामीटर काढला. तीन हब एकमेकांच्या आसपास होते, चौथा त्यांच्या दुपटीच्याही वर.

मोटारीचं बेअरिंग गेलं तर ते घुरघुरतं, स्टिअरिंगला जाणवतं, मागच्या सीटवरची आजीसुद्धा विचारते की हा कसला आवाज. ट्रेलरमध्ये आजीच नसते. पाच-सात मीटर मागे, रिकाम्या घराखाली बेअरिंग जळत असतं आणि पुढे गाडीत गाणी चालू असतात. चालकाला कळतं ते मागून येणारा ट्रकवाला दिवे मारायला लागल्यावर, किंवा आपलंच चाक आपल्याला ओलांडून पुढे गेल्यावर. हे दुसरं मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. बेअरिंग फुटून अॅक्सलचं टोक, म्हणजे स्पिंडल, कापलं गेलं की चाक हबसकट सुटतं.

हब तापायचं कारण घासणारा ब्रेकही असू शकतो. म्हणून दादाने जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवलं. खरखर स्पष्ट ऐकू आली. मग चाक वर आणि खाली धरून हलवलं, तर खेळ एवढा की वहिनींनाही दिसला.

डलहार्टच्या आसपास गुरांचे मोठमोठे गोठे आहेत, त्यामुळे गुरांचे ट्रेलर दुरुस्त करणारी माणसं तिथे मिळतात. त्यातला एक म्हातारा तासाभरात आला. फार बोलणारा नव्हता. त्याने हबवरची टोपी काढली, पण लगेच नट न सोडता दादाला वाकून बघायला बोलावलं. कॅसल नटातली कॉटर पिन जुनी होती, गंजून नटाला धरलेली. ही पिन एकदाच वापरायची असते. बेअरिंग बाहेर काढायचं तर ती आधी काढावीच लागते. म्हणजे बिलात लिहिलेलं काम या चाकावर झालंच नव्हतं. म्हाताऱ्याने एवढं दाखवलं आणि कामाला लागला.

बाहेरचं बेअरिंग निघालं ते निळं-काळं पडलेलं. पोलादाला असा रंग आला की त्याचा कडकपणा गेला असं समजायचं. धुऊन पुसून ते पुन्हा वापरता येत नाही. आतलं ग्रीस वाळून तपकिरी खपली झालं होतं. ड्रम निघाला. आतलं बेअरिंग जागेवर धरणारं सील कारखान्यातून आलेलं तेच, कडेला गंज. सील उचकटून काढताना हमखास वाकतं, म्हणून बेअरिंग काढलं की नवं सील घालावंच लागतं. बिलावर चार नवी सील होती.

मग झालं काय होतं? या प्रकारच्या अॅक्सलच्या टोकाला ग्रीसचं निप्पल असतं. त्यात ग्रीस गन लावली की स्पिंडलच्या पोटातल्या भोकातून ग्रीस थेट आतल्या बेअरिंगच्या मागे जातं आणि तिथून दोन्ही बेअरिंगमधून पुढे येतं. टोपीच्या मध्यावरचं रबरी बूच काढलं की काम सुरू; चाकसुद्धा उतरवावं लागत नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने चारही चाकांना गन लावली होती. या चाकाचं निप्पल तुंबलेलं होतं, त्यात थेंब गेला नाही, आणि तो तसाच पुढच्या चाकाकडे गेला.

इथवर आळशीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. दादाने बाकीची तीन चाकं उघडायला लावली. पिना जुन्या, सीलही जुनी. पण दोन चाकांत नवं लाल ग्रीस सीलच्या ओठातून मागे फुटून थेट ब्रेकवर उतरलं होतं. चाक फिरवत, हाताच्या गनने हळूहळू भरायचं असतं ते कुणीतरी हवेच्या गनने धडाधड मारलं होतं. ब्रेकचे शू ग्रीसने माखलेले, विजेवर चालणाऱ्या या ब्रेकचं लोहचुंबकही चिकट. चारातल्या दोन चाकांना ब्रेक जवळपास नव्हतेच. आणि आम्ही निघालो होतो रॅटन पासकडे, ७,८३४ फुटांवर, पलीकडे कोलोरॅडोत उतारच उतार.

मला अजून पटत नाही ते हे. तापलेलं हब निदान हाताला सांगतं. ग्रीस खाल्लेला ब्रेक गार असतो, काहीच सांगत नाही. बिल नसतं तर दादाने निघण्यापूर्वी स्वतः काहीतरी तपासलं असतं, निदान मोकळ्या रस्त्यावर नुसता ट्रेलरचा ब्रेक दाबून बघितला असता. काम न करणं समजू शकतो. काम झाल्याचा कागद देऊन दुसऱ्याला निर्धास्त करणं वेगळं. चोर निदान कडी लावली आहे असं सांगून जात नाही. यावर वहिनी म्हणतात की मी दादापेक्षा जास्त चिडतो.

बेअरिंग गावातच मिळाली, पण ब्रेकचे तयार संच दुसऱ्या दिवशी अमरिलोहून आले. घर मागे असून रात्र लॉजवर काढावी लागली. सकाळी मात्र मजा आली. म्हाताऱ्याने जुनं ग्रीस पार धुऊन काढलं, कारण वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. नव्या डब्यावर जीसी-एलबी ही चाकाच्या बेअरिंगची खूण आहे ना, ते दादाने वाचून घेतलं. मग तळहातावर लिथियम कॉम्प्लेक्सचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, वरून रोलरांच्या फटीतून ग्रीस डोकावेपर्यंत. दादाने चार बेअरिंग भरली, म्हाताऱ्याने चार. कोणाची चांगली भरली यावर दोघांनी मतप्रदर्शन टाळलं.

तिरक्या रोलरांचं हे बेअरिंग निघालं घोडागाडीसाठी. सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन या गाडीवाल्या कारखानदाराने १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं. वळणावर चाकाला बाजूने बसणारा दाब साध्या बेअरिंगला पेलत नव्हता. तिरका रोलर वरचं वजन आणि बाजूचा दाब दोन्ही घेतो. मात्र नट नेमका आवळावा लागतो. चाक फिरवत सुमारे ५० फूट-पौंड आवळायचा, बेअरिंग नीट बसलं की पूर्ण सैल करायचा, मग नुसत्या बोटांनी लागेल तेवढा फिरवून पिन घालायची. घट्ट म्हणजे मजबूत, असं समजून पान्याने पिळणाऱ्याचं बेअरिंग जळणार.

शेजारच्या ट्रेलरवाल्यांना बेअरिंग अमेरिकेतच बनलेलं हवं असतं. दादा त्यांना सांगतो की टिमकेनचा कारखाना जमशेदपूरलाही आहे. त्याच्या मते डब्यावरचा देश बघण्यापेक्षा बेअरिंगवर कंपनीचं नाव कोरलंय का ते बघावं, आणि कोन, म्हणजे रोलरांसकट आतलं कडं, बदलताना हबमध्ये ठोकून बसवलेला कप, म्हणजे बाहेरचं कडंही बदलावं. जुन्या कपावर नवा कोन बसवणाऱ्याला तो उभा करत नाही.

सर्व्हिस सेंटरला फोटो, जुनी सील, गंजलेल्या पिना, सगळं दाखवून झालं. उत्तर आलं की आमच्या नोंदीप्रमाणे काम झालेलं आहे. टेक्सासच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात वीस हजार डॉलरपर्यंतचं प्रकरण नेता येतं, हे दादाने कळवल्यावर ग्राहकाच्या समाधानासाठी म्हणून चार सीलचे पैसे परत मिळाले. मजुरी नाही, ब्रेक नाहीत, फक्त सील. दादा गप्प बसला. मी नसतो बसलो.

दोष निप्पलचा, असंही मला मधे वाटत होतं. सोय दिली की माणूस तेवढंच करणार. पण अॅक्सल बनवणारी कंपनीच दर बारा महिन्यांनी किंवा बारा हजार मैलांनी सगळं उघडून बघा असं सांगते, तेव्हा बिचाऱ्या निप्पलला काय बोलणार.

आता दादा शहराबाहेर राहणाऱ्या नाशिककर मित्राच्या अंगणात ट्रेलर नेतो आणि स्वतःच बेअरिंग भरतो. डलहार्टहून परतताना दरवर्षी चारही चाकं उघडायची शपथ झाली होती. हल्ली म्हणतो, नीट बसलेलं बेअरिंग उगाच उघडू नये, उघडलं की धूळ जाते; एका वर्षी डावीकडची दोन बघायची, पुढच्या वर्षी उजवीकडची. मी म्हणालो, कंपनी बारा महिने म्हणते, शिवाय वर्षातला बराच काळ ट्रेलर उभाच असतो, ओल धरून रोलर गंजतात. तर म्हणाला, चिंचवडला कोण होतं, तू की मी? वहिनींनी चार सील, चार पिना आणि ग्रीसचा डबा मागवून ठेवलाय. त्यातली दोन सील अजून पाकिटात आहेत आणि त्यावरून घरात वाद चालू आहे.