पाऊस एकच ठेवायचा

व्हिडिओ एडिटिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की समोर एक रिकामा पसारा येतो. पसारा, आणि तोही रिकामा! डावीकडे फायली ठेवायची जागा, शेजारी दोन काळे चौकोन, खाली आडव्या पट्ट्या, आणि काठाकाठाने बटणंच बटणं. ही बटणं समजावून सांगणारे धडे यूट्यूबवर ढिगाने सापडतात. त्यातले पुष्कळसे 'नमस्कार मित्रांनो' करून बटणांची हजेरी घेतात आणि संपतात. ही चुकीच्या टोकाकडून केलेली सुरुवात आहे, असं माझं मत. क्लिप आत आणणं, तिचा हवा तो तुकडा उचलणं, तो खाली टाइमलाइनवर ठेवणं, मागेपुढे सरकवणं, आवाज कमीजास्त करणं आणि शेवटी फाइल बाहेर काढणं, एवढ्यावर नवशिक्याचे पहिले काही महिने सुखात जातात. बाकीची बटणं धूळ खात पडली तरी ती रुसत नाहीत.

हे मत पक्कं झालं ते मामामुळे. मामा एसटीत कंडक्टर होता. निवृत्तीनंतर संगमेश्वरकडे गावीच असतो. गेल्या पावसाळ्यात त्याने भाताच्या लावणीचं मोबाइलवर शूटिंग केलं. चिखलणी, तरवा काढणं, मुठी बांधणं, बांधावरचा चहा, सगळं. घरचं जोत कधीच गेलं. बैल भावकीतल्या अण्णांचे, आणि तेही आता पॉवर टिलर घ्यायच्या गोष्टी करतात. तेव्हा हे एकदा धरून ठेवावं, असं मामाच्या मनात आलं. शूटिंग झालं तासाभराचं, आणि मुंबईकरांना दाखवायला फिल्म हवी दहा मिनिटांची. "तेवढं मिक्सिंग करून दे गो," असा त्याचा फोन आला. मी म्हटलं, करून देणार नाही, शिकवते.

लॅपटॉप जुना. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर काही देते, पण तिला ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं. मामाच्या यंत्रावर तिने मान टाकली असती. म्हणून केडेनलाइव्ह घेतलं. तेही फुकट, मुक्त स्रोताचं, विंडोजवरही चालतं. त्यात 'प्रॉक्सी' म्हणून एक सोय असते. मोबाइलच्या जडशीळ फायलींच्या हलक्या प्रती सॉफ्टवेअर स्वतःच बनवतं, आपण काम त्या प्रतींवर करतो, आणि शेवटची फाइल निघते ती मूळ चित्रणातून. भाच्याने काही क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या, त्या दाबून दाबून पार धुरकट झाल्या होत्या. त्याला त्याच क्लिपा पुन्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं, तेव्हा चिखल चिखलासारखा दिसू लागला.

मामाला खरी धास्ती वेगळीच होती. कापताना काही वाया गेलं तर? तुकडा काढून टाकला तर तो परत कुठून आणायचा? त्याला म्हटलं, तुझं वेबिल आठव. कुठल्या थांब्यावर किती तिकिटं फाडली ते वेबिलावर असतं, पण वेबिलात माणसं बसलेली नसतात. प्रोजेक्टची फाइलही तशीच: अमुक क्लिप इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत, मग तमुक. चित्रण आपल्या जागी शाबूत असतं. म्हणूनच मूळ फायली दुसऱ्या फोल्डरात हलवल्या की सॉफ्टवेअर कावरंबावरं होऊन 'क्लिप सापडत नाही' म्हणतं. मामाला हे इतकं पटलं की क्लिपांच्या फोल्डरला हात लावायचा नाही, असा हुकूम त्याने घरभर काढला.

फिल्मच्या काळात कात्री खरी होती. १९२४ मध्ये मूव्हिओला नावाचं यंत्र आलं आणि संकलकाला फिल्म चालती पाहून कापता येऊ लागली. पुढे जर्मनीच्या स्टीनबेकची आडवी टेबलं आली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही विद्यार्थी त्यांच्यावरच शिकले. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. मामाचं तासाभराचं शूटिंग त्या हिशेबाने ५,४०० फूट, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त झालं असतं. त्यातला नेमका तुकडा शोधायचा, कापायचा, चिकटपट्टीने जोडायचा, आणि उरलेल्या बोटभर फितीसुद्धा खुणा करून टांगून ठेवायच्या. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आलं आणि हे सगळं पडद्यावर सरकलं. वॉल्टर मर्च यांनी 'द इंग्लिश पेशंट'चं काम फिल्मवर सुरू करून मध्येच अ‍ॅव्हिडवर नेलं आणि त्या चित्रपटासाठी त्यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. मर्च उभ्याने संकलन करतात. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मी नोकरीभर उभाच होतो. आता बसून करीन."

बसून करायचं पहिलं काम म्हणजे पाहणं. कीबोर्डवर जे, के, एल ही अक्षरं शेजारी शेजारी असतात. एल दाबलं की चित्र पुढे, जे दाबलं की मागे, के दाबलं की थांबा. आय दाबलं की तुकड्याची सुरुवात ठरते, ओ दाबलं की शेवट. बहुतेक सॉफ्टवेअरांत हीच रीत आहे, त्यामुळे एकदा बोटांत बसली की पुढे कुठेही उपयोगी पडते. पण ही बोटं चालवत तासभराचं स्वतःचं चित्रण पाहणं जिवावर येतं. स्वतःचा श्वास ऐकू येतो, हात हललेला दिसतो, आणि जे छान आलंय अशी खात्री होती ते नेमकं फोकसबाहेर निघतं. मामा पहिल्या दिवशी अर्ध्यातच उठून गुरांना पाणी दाखवायला गेला. गुरं त्याची नव्हतीच.

त्याच्या डोक्यात मिक्सिंगचं चित्र होतं ते लग्नाच्या कॅसेटचं. नवरीचा चेहरा बदामात, बदाम फिरत फिरत लहान होतो, पान उलटतं, पंगत दिसते. या प्रकाराला हसायची आता फॅशन आहे. पण कॅमेरेवाला मध्येच कॅमेरा बंद करायचा आणि भलत्याच ठिकाणी सुरू करायचा. ती उडी कशाने तरी झाकायला हवीच होती, आणि बदामाने ती झाकली. तरी मी मामाला सुरुवातीला साधा कट सोडून काही वापरू दिलं नाही. साधा कट चुकला की लगेच दिसतो, म्हणून त्यावरच शिकावं.

आणि तो दिसण्याआधी ऐकू आला. प्रत्येक कटला पाऊस बदलत होता. मळ्यातला पाऊस धो धो, बांधावरचा भुरभुर, पुढच्या तुकड्यात पत्र्यावर ताशा, आणि तिथून एकदम शांतता, कारण तो तुकडा उघडीप असताना घेतलेला. चित्रं एकमेकांना धरून होती, पण कानाला दहा वेगवेगळे दिवस ऐकू येत होते. अशा वेळी त्या जागेचा नुसता आवाज, कुणी न बोलता, मिनिटभर टिपून ठेवलेला असावा लागतो. मामाने तो अर्थातच टिपला नव्हता. पण एका क्लिपमध्ये काहीच दिसत नव्हतं, नुसता अंधार. मोबाइल पडवीत पालथा राहिला होता आणि रेकॉर्डिंग चालूच होतं. मामा ती काढून टाकायला निघाला होता. तिच्यात सलग पाऊस होता, पागोळ्यांसकट. चित्र सोडून तिचा फक्त आवाज टाइमलाइनच्या तळाशी टाकला, सगळ्या फिल्मखाली पसरला, बाकीच्या तुकड्यांचा पाऊस दबता ठेवला आणि माणसांचे आवाज वर आणले. सगळं मिळून शून्य डेसिबलच्या वर जाऊ दिलं नाही. तिथे आवाज फाटतो. फिल्म पुन्हा लावली तर सगळी लावणी एका पावसात झालेली. मामाने खिशातून वही काढून लिहिलं: 'पाऊस एकच ठेवायचा'.

त्यानंतर तो आवाजाच्याच मागे लागला. जोताला हाकारणारा अण्णांचा आवाज चित्राच्या थोडा आधी सुरू केला. बायका मुठी बांधताहेत, त्यांच्यावर तो हाकारा ऐकू येतो, आणि मग बैल दिसतात. या प्रकाराला जे-कट म्हणतात, हे त्याला मी नंतर सांगितलं. त्याला नावाचं काही पडलेलं नव्हतं.

मामीचा एक शॉट होता. दारात उभी आहे, बाहेर बघते आहे, चेहऱ्यावर विशेष काही नाही. तो चहाच्या किटलीनंतर ठेवला तर मामी कुणाची तरी वाट बघते आहे असं वाटे. बैल घसरतो त्या तुकड्यानंतर ठेवला तर तिच्या पोटात धस्स झालेलं दिसे. रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा कोरा चेहरा कधी सुपाच्या वाटीला, कधी शवपेटीला जोडून हाच प्रयोग केला होता. आमच्याकडे नटीनेच आक्षेप घेतला. "मी दूधवाल्याला बघत होते," मामी म्हणाली, "उगाच घाबरलेली कशाला दाखवतोस?" मामाने तो शॉट किटलीनंतर टाकला, घरात शांतता राहावी म्हणून, पण बैलानंतर तो जास्त चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

शेवटी एच.२६४ मध्ये फाइल निघाली, दहा मिनिटांच्या आतली, आणि ग्रुपवर गेली. मुंबईकरांनी अंगठे पाठवले. अण्णा मात्र घरी आले. इतका वेळ बैल राबले आणि फिल्ममध्ये एवढेसेच दिसतात, ही त्यांची तक्रार. फिल्मच्या काळात यावर नवी प्रिंट काढायचा खर्च ऐकूनच अण्णा परत गेले असते. मामाने सीक्वेन्सची दुसरी प्रत केली, तिला 'अण्णा' नाव दिलं, बायका आणि मामी काढली, घसरलेला बैल काढला, बाकीचे बैल सगळे ठेवले. वर मला न विचारता कुठूनसा बदाम शोधून आणला आणि सुरुवातीलाच त्यात दोन्ही बैल फिरवले. अण्णांनी ती आवृत्ती सोयऱ्यांना पाठवली आहे.