दर दहा मिनिटांनी

बायपासनंतर आप्पांना वॉर्डात हलवलं, त्या आठवड्यात माझं ऑफिस मिरजेच्या हॉस्पिटलात, त्यांच्या खाटेशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत होतं. जेवणाच्या ट्रेवर लॅपटॉप, लॅपटॉपात एक खिडकी आणि त्या खिडकीत दुसराच संगणक. हा दुसरा संगणक हातात धरता येण्यासारखा नव्हता. कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या मोठ्या सर्व्हरचा आम्हाला तोडून दिलेला तो एक वाटा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

माझं काम एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरची चाचणी करणं. सॉफ्टवेअर जुनं, विंडोजवरचं. त्यामुळे आमचा चाचणीचा प्रोग्रामही माणसासारखा पडदा बघून बटणं दाबायचा. एक फेरी चार तासांची. मध्ये मध्ये हिशेबाच्या मोठ्या बॅचेस लागत आणि तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं पडद्यावर काहीच हलत नसे.

घोळ तिथेच व्हायचा. ९०० सेकंद कीबोर्ड-माउसला हात लागला नाही की मशीन स्वतःला कुलूप लावून घेई. कुलूप लागलं तरी बॅच आत चालूच राहते, पण तिच्यानंतरचं क्लिक जाणार कुठे? कुलपाचा पडदा विंडोज वेगळ्याच डेस्कटॉपवर दाखवतं आणि तिथे आमच्या प्रोग्रामला प्रवेश नसतो. खिडकी मिनिमाइझ केली तरी तीच गत, कारण मग रिमोट डेस्कटॉप पडदा रंगवणंच थांबवतो. सकाळी अहवाल उघडावा तर सगळा लालेलाल.

दर काही मिनिटांनी स्क्रोल लॉकची कळ दाबणारी चार ओळींची स्क्रिप्ट मी लिहिली होती. ती सिक्युरिटीवाल्यांनी अडवली. मग राहिला हात. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावायचा, तो थरथरला की माउस हलवायचा.

तिसऱ्या रात्री आप्पांनी विचारलं, "काय करायलास रं?"

"मशीन जागं ठेवतोय."

ते हसले आणि लगेच छातीवर हात धरला. हसलं की टाके दुखत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून म्हणून त्यांची हयात गेली. "हंगामात आमचं बी हेच. गाडी येवो न येवो, कारकून जागा दिसला पायजे. दे हिकडं, मला झोप न्हाईच येत."

"आप्पा, तुम्ही झोपा."

"तू झोप. डोळं बघ तुझं."

मी ट्रे त्यांच्याकडे सरकवला आणि खुर्चीतच झोपलो. तीन रात्रींत पहिल्यांदा.

पाचला नर्स आली तेव्हा जाग आली. फेरी पूर्ण झाली होती. मी खूश. आप्पा मात्र गप्प होते. चहा झाल्यावर म्हणाले, "कोल्हापूरची एक बाई हाय त्यात. पस्तिशीची. पिशवी काढल्याली. दीड लाख मागितलं, तुमच्या कंपनीनं ऐंशी हजार दिलं. का रं?"

मला काही सुचेना. बॅच चालू असताना क्लेमची यादी पडद्यावर तशीच उभी असायची. वेळ वाचावा म्हणून आम्ही खऱ्या नोंदींचीच नक्कल चाचणीला वापरत होतो. नाव, वय, आजार, रक्कम. रोज बघून माझ्या लेखी त्या नुसत्या ओळी झाल्या होत्या. आप्पांनी त्या रात्रभर वाचल्या, काट्याच्या पावत्या वाचाव्यात तशा, एकेक करून.

"माझंबी असंच लिहिलं असंल न्हाई कुठंतरी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या बायपासचा क्लेम मीच दोन दिवसांपूर्वी भरला होता.

तोवर ते कुलूप म्हणजे माझ्या कामातला खोडा, एवढंच मला वाटत होतं. मशीनला काय, माउस हलला की माणूस जागेवर आहे असं वाटतं. कोण माणूस, हे त्याला कळत नाही. पंधरा मिनिटांचा तो नियम नेमका अशा रात्रीसाठीच होता आणि मी तो वॉर्डभर उघडा टाकून झोपलो होतो.

दुपारी मॅनेजरना फोन करून सगळं सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. पुढच्या महिन्यात चाचणीसाठी वेगळं मशीन मिळालं, बाकीच्या नेटवर्कपासून तोडलेलं. त्यात खोट्या नावांचा, खोट्या आजारांचा डेटा भरला. आता काम सुरू करून निघताना टीएसकॉन ही आज्ञा द्यायची. सेशन रिमोट डेस्कटॉपवरून सुटून मशीनच्या स्वतःच्या कन्सोलला जोडलं जातं, आणि माझी खिडकी बंद झाली तरी पडदा उघडा राहतो. ज्याला मूळ सर्व्हरवरून तो कन्सोल बघायची मुभा आहे, त्याला तो उघडाच दिसणार. म्हणून तर आत खरं काहीच ठेवलेलं नाही. कुलपाचा नियमही फक्त त्या एका मशीनपुरता उठवला. बाकी सगळीकडे ९०० सेकंद कायम आहेत.

आप्पा आता दोन मैल चालतात. मध्यंतरी अंगणात बसलो होतो, तर एकदम म्हणाले, "त्या कोल्हापूरच्या बाईचं काय झालं रं? मिळालं का बाकीचं?"

"मला बघता येत नाही आता," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण मिळायला पायजे होतं."