दहावें द्वार

श्रीमद्भगवद्गीतेंत देहाला नऊ द्वारांचें नगर म्हटलें आहे. कर्करोगाच्या रुग्णाला शल्यविशारद हल्लीं आणखी एक द्वार करून देतात, आणि त्यावर पहारा ठेवण्याचें काम बव्हंशीं घरच्या मंडळींकडे येतें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या सूनबाईंना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हां या द्वाराचा परिचय आम्हांस घडला.

रुग्णालयांत त्याला ‘केमोपोर्ट’ म्हणतात. कर्करोगावरील कित्येक औषधें इतकीं तीव्र असतात कीं, हाताच्या बारीक शिरा त्यांनीं लवकरच निकामी होतात. म्हणून छातीच्या वरच्या भागीं त्वचेखालीं एक लहानशी डबी बसवितात. तिला जोडलेली नळी मोठ्या शिरेंतून हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत जाते. डबीचें झाकण सिलिकोनचें असतें. खास सुई काढून घेतली कीं भोक आपोआप मिटतें. अशा डबीचा वृत्तांत अमेरिकन शल्यविशारद नीडरह्यूबर व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून असंख्य रुग्णांच्या यातना कमी झाल्या आहेत. परंतु ज्या द्वारानें मित्र येतो, त्याच द्वारानें शत्रूही येऊं शकतो.

एके दिवशीं सूनबाई नळी धुवून घेऊन परतल्या आणि तासाभरांतच त्यांना हुडहुडी भरून ताप आला. आमच्या कुटुंबानें सुंठीचा काढा ठेवला, थोरल्या सूनबाईंनीं गोधड्या घातल्या, आणि ताप उतरलाही. परंतु कॉलेजांत जाणारी नात रुग्णालयाची पुस्तिका वाचीत बसली होती. तिनें काकूंना एकांतांत विचारलें, तेव्हां कळलें कीं, डबीवरील कातडी दोन दिवस लाल होऊन दुखत होती. “सांगायचें कुणाला? जागा ही अशी, आणि घरांत मामंजी!” असें सूनबाई म्हणाल्या.

त्याच रात्रीं त्यांना रुग्णालयांत नेलें. रक्ततपासणीनंतर नळींतच जंतूंनीं ठाणें दिल्याचें निष्पन्न झालें. हे जंतू नळीच्या आंत चिकट थर करून राहतात. तेथें औषधाचा प्रभाव नीट पडत नाहीं, आणि नळी धुतांना ते रक्तांत लोटले जातात. धुतल्यानंतर येणारी थंडी ही त्याचीच खूण. केमोथेरपीनें रक्तांतील पांढऱ्या पेशी घटलेल्या असल्या, तर असा ताप कांहीं तासांतच जिवावर बेतूं शकतो. अखेर ती डबी काढावी लागली, आणि जंतू नष्ट झाल्यावर दुसऱ्या बाजूस नवी बसविली.

इतर खुणाही त्या निमित्तानें आम्हीं शिकलों. त्या बाजूचा हात, मान किंवा चेहरा सुजला, तर शिरेंत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. औषध चालू असतां डबीजवळ जळजळ वा सूज आली, तर औषध बाहेर पाझरत असेल; परिचारिकेस तत्काळ सांगून तें थांबवावें. औषध आंत जातें, पण रक्त मागें येत नाहीं, असेंही होतें. पुष्कळदां नळीच्या टोकावर पापुद्रा धरलेला असतो. क्वचित् नळी गळ्याचें हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्यें चेपून तुटते. अकस्मात् धाप लागली, तर क्षणभरही थांबूं नये.

एकत्र कुटुंबांत आजार सर्वांचा असतो. त्याचें ज्ञान मात्र पुष्कळदां एकाच्याच कपाटांत राहतें. आतां आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर या खुणांचा कागद व रुग्णालयाचा दूरध्वनि-क्रमांक लावलेला आहे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला कीं काढा नंतर, दूरध्वनि आधीं, असा नियम आमच्या कुटुंबानेंच घालून दिला आहे. मर्यादा ही घराची शोभा खरी. परंतु दुखणें लपविण्याची पाळी सुनेवर यावी, अशी मर्यादा कोणत्याही घरानें बाळगूं नये. सूनबाईंचे उपचार पुरे झाले आहेत. डबी काढण्याची तारीखही ठरली आहे.