एक-तीन-चार-दोन

मोटार ही बसून जायची वस्तू आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लहानपणी माझा असा प्रामाणिक समज होता, की मोटार ही रविवारी सकाळी बॉनेट उघडून तिच्यात डोकं घालायची वस्तू असते आणि उरलेला आठवडा तिच्यावर ताडपत्री घालायची असते.

आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९७६ साली फियाट घेतली. गाडी १९६६ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. नवी गाडी मुलाच्या बारशाला नोंदवली तर त्याच्या मुंजीपर्यंत मिळाली तर मिळाली, असे ते दिवस होते. तेव्हा दोन घरं नांदून आलेली ही तिसऱ्या हातची गाडी कारकुनाच्या दारात उभी राहिली हेच विशेष. पुढे मी तिची जी दुखणी सांगणार आहे त्यांत कारखान्याचा काडीचाही दोष नाही. दोष तिच्या वयाचा, मे महिन्याचा आणि मुख्यतः आमचा.

नानांना आमच्या घराण्याची माहिती पणजोबांच्या पलीकडे नव्हती. पण इंजिनाचा कुलवृत्तान्त तोंडपाठ. "१९३७ साली इटलीत फियाटच्या '५०८ सी' गाडीला हे इंजिन पहिल्यांदा बसलं," असं ते पाहुण्याला चहा यायच्या आत सांगत. "चार सिलिंडर. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. करा गुणाकार!" पाहुणा बिचारा चहाची वाट बघत हसायचा. मग नाना स्वतःच उत्तर देत : १०८९ सी.सी. ताकद चाळीसेक घोड्यांची. त्यांतले काही घोडे रजेवर असत ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरी बाप-लेकांनी एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. नानांना काही सांगायचं असलं की ते आईला सांगत, आणि मी पलीकडे बसून ऐकलेलं असलं तरी आई मला पुन्हा सांगे. अपवाद फक्त बॉनेटखालचा. तिथं डोकं घातलं की नाना थेट माझ्याशी बोलत. त्यामुळे मला तेराचा पाढा यायच्या आधी फायरिंग ऑर्डर आली : एक-तीन-चार-दोन. ठिणगी आधी पहिल्या सिलिंडरला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला, मग दुसऱ्याला. "एक-दोन-तीन-चार का नाही?" असं मी विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, "दोन आणि तीनचे दट्टे एकदमच वर येतात, त्यांना लागोपाठ धक्के देता येत नाहीत. काम वाटून द्यावं लागतं." एकदा मी मदत म्हणून प्लगच्या वायरी साफ केल्या आणि त्या सरळ क्रमानं लावून टाकल्या. इंजिनानं असा बार काढला, की समोरच्या चाळीत दिवाळी आधीच आली की काय म्हणून लोक गॅलरीत आले.

गाडीची दुखणी ठरलेली होती. पहिलं, पॉइंट्सचं. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली दोन चिमुकली टोकं असतात. ती उघडली की ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलं, की ही टोकं ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला शंभरदा उघडमीट करणार. झिजणारच. मग पॉलिश पेपरनं घासायची आणि मधली फट अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी अशी धरायची. दुसरं, कार्बोरेटरचं. टाकीतला कचरा बरोबर त्या सुईच्या भोकाएवढ्या जेटमध्ये येऊन बसे. जेट काढून तोंडानं फुंकायचं काम माझ्याकडे होतं. पेट्रोलची चव मला पियूषाच्या आधी कळली. तिसरं दुखणं मात्र मोठ्या ऑपरेशनचं. खाली ब्लॉक बिडाचा आणि वर हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. रेडिएटरमध्ये पाणी घालायला विसरलात, की हेड वाकडं होतं, गॅस्केट जातं आणि पाणी ऑइलमध्ये शिरतं. ऑइलची पट्टी बाहेर काढावी तर तिच्यावर दुधाचा चहा! पाणी घालायला आम्ही दोनदा विसरलो. दोन्ही वेळा नाना आईला म्हणाले, "त्याला सांग, चूक माझी होती."

दुरुस्ती झाली की नाना इंजिन सुरू करत, मान वाकडी करून डोळे मिटत आणि आयडलिंग ऐकत. सूर लागला की एकच शब्द म्हणत : "झकास." मला हा शब्द कधी मिळाला नाही. स्कॉलरशिप मिळाली तेव्हा "ठीक" एवढंच मिळालं होतं.

माझी मुंज १९७८ च्या मे महिन्यात पुण्याला काकांकडे ठरली. आदल्या दिवशी आम्ही दादरहून निघालो. गाडीत आई, आत्या, मी, लाडवांचे दोन डबे आणि आत्याचं सोवळं. आत्या नानांहून थोरली, त्यामुळे सोवळ्याला वेगळी सीट. भर दुपारी बोरघाट चढताना, शिंग्रोबाचं देऊळ दिसायला लागलं, आत्यानं टाकायला नाणं काढलं आणि गाडी थांबली.

"नाण्याच्या आधीच थांबली रे," आत्या म्हणाली. "देवाला घाई दिसते."

मला रडू फुटलं. मुंजीची मला आवड होती असं नव्हे, पण मुंजीला मिळणारी सायकल चुकत होती. नानांनी बॉनेट उघडलं आणि मला खाली बोलावलं.

"घाबरू नकोस. व्हेपर लॉक आहे. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या कुशीत बसवलेला असतो. चढावर इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. गाडी काही मेलेली नाही. तिला धाप लागलीय. आधी गार होऊ दे, मग बघू."

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही करायचं. ओलं फडकं गुंडाळायचं आणि शेजारी उभं राहायचं."

फडकं शोधायला गेलो तर सोवळ्याला हात लावायची प्राज्ञा नव्हती. शेवटी माझ्या मुंजीचा कोरा पंचा भिजवून पंपाला गुंडाळला. त्याची लगेच वाफ निघाली. वीसेक मिनिटं नाना आणि मी बॉनेटला टेकून दरीकडे बघत उभे होतो. नाना एरवी वर्षभरात बोलत नसत तेवढं त्या वीस मिनिटांत बोलले. सगळं पंपाविषयी. मग गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मुंज लागली. माझ्या प्रत्येक फोटोत पंचा एका बाजूनं मुठीत धरलेला आहे. ऑइलचा डाग आत्याला दिसू नये म्हणून.

गाडी पुढे विकली गेली. पद्मिनी नाव घेतलेली तिची भावंडं मुंबईत टॅक्सी म्हणून राबत राहिली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. माझ्या आत्ताच्या गाडीचा पेट्रोलपंप टाकीतच बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, दाबानं पुढे ढकलतो. व्हेपर लॉक नाही. पॉइंट्स नाहीत, जेट नाही. बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. मी आणि माझा मुलगा त्याकडे मिनिटभर आदरानं बघतो आणि बॉनेट लावून टाकतो.

२०११ साली नानांना चक्कर आली. त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. वय ७८. नाडी चाळिशीच्या खाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदयाचे चार कप्पे काढून समजावलं, की वरचे दोन आधी आकुंचन पावतात, मग खालचे दोन. त्यांना विजेचा इशारा लागतो आणि तो वरून खाली नीट पोचत नाही. पेसमेकर बसवावा लागेल.

नानांनी चष्मा लावून चित्र पाहिलं. "चारच का? बरं झालं. पण ही फायरिंग ऑर्डर चुकीची वाटते."

"नाही हो आजोबा, हृदयाची हीच असते."

"मग पॉइंट्स गेलेत," नाना मला म्हणाले. थेट मला. आई त्या वेळी हयात नव्हती. "आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणार. बॅटरी किती चालते, विचार."

"आठ-दहा वर्षं," बाई म्हणाल्या.

"आपली तीन वर्षांच्या वर कधी गेली नाही," नाना म्हणाले आणि हसले. पण चादर त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. मुठीत काही लपवून हसायची कला मी फोटोंत पाहिलेली आहे.

रात्री बायको घरी गेली. नानांना झोप येईना. काय बोलावं मला सुचेना. बोलायची सवयच नव्हती, आणि खोलीत बॉनेट नव्हतं. शेवटी मी टॉवेल भिजवून पिळला आणि त्यांच्या कपाळावर ठेवला.

"घाबरू नका, नाना," मी म्हणालो. "धाप लागलीय. गार होऊ दे, मग बघू."

नानांनी डोळे न उघडता विचारलं, "पंचा कोरा आहे का?"

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. संध्याकाळी ते गाढ झोपले होते. पडद्यावर हिरवी रेघ एका लयीत उसळत होती, पण पडद्यावर माझा विश्वास नाही. मी मान वाकडी केली, डोळे मिटले आणि त्यांच्या छातीजवळ कान नेला.

झकास.