दौंड ते दौंड

रेल्वेचं चक्राकार प्रवासाचं एक तिकीट असतं. ज्या स्टेशनावरून निघायचं तिथेच परत यायचं, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, आणि मूळ तिकीट सगळ्या प्रवासाला एकच. श्रीगोंद्यात हे माहीत असलेलं मला फारसं कोणी भेटलं नाही. मला सांगितलं ते आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी. ते रेल्वेचं वेळापत्रक पेपरसारखं रोज वाचतात.

आम्ही दोघीच गेलो. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का. मी साठी ओलांडलेली, त्या सत्तरीच्या पुढच्या. यात्रा कंपनीबरोबर जा म्हणून घरच्यांनी बरंच सांगून पाहिलं. पण आक्कांचा गुडघा धरतो. पहाटे चारला उठून बसमध्ये चढायचं आणि अर्ध्या तासात दर्शन उरकायचं, हे त्यांना झेपणारं नव्हतं. मलाही ते नकोच होतं.

मार्ग ठरवताना शाळेतला जुना नकाशा ओसरीवर पसरला. दौंड, दिल्ली, हरिद्वार, काशी, हावडा, पुरी, चेन्नई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि परत दौंड. आठ मुक्काम तिथेच भरले. आक्कांना तिरुपती पण हवं होतं. "येताना गाडी रेणिगुंट्यावरूनच येते ना, मग उतरू की," त्या म्हणाल्या. नवव्या ठिकाणी उतरता येत नाही, पाहिजे तर पुरी सोडू, असं मी म्हटलं. पुरी सोडायची नव्हती. दोन दिवस त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या.

हे तिकीट श्रीगोंदा रोडला मिळत नाही आणि मोबाईलवरही निघत नाही. कागदावर अर्ज लिहायचा: निघायची तारीख, वर्ग, कुठून कुठे आणि कोणत्या मार्गाने. तो विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या कार्यालयात द्यायचा. तिथे अंतर मोजून भाडं काढतात आणि तसं पत्र देतात. पत्र दाखवून खिडकीवर तिकीट घ्यायचं. मग ते तिकीट घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जायचं आणि एकेका टप्प्याचं आरक्षण करायचं. एका ठिकाणी खिडकीवरचा माणूस म्हणाला, असलं तिकीट कधीच बंद झालं. गुरुजींनी नियमाचा छापील कागद बरोबर दिला होता. तो दाखवल्यावर त्याने आत जाऊन विचारलं आणि काम झालं. तो कागद नसता तर मी तिथूनच माघारी फिरले असते.

एवढी खटपट कशाला, असं कोणालाही वाटेल. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं. चक्राकार तिकिटात एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि तेवढ्या लांबीच्या दोन प्रवासांचं भाडं लावतात. आमचं अंतर आठ हजार किलोमीटरच्या आसपास होतं. म्हणजे भाडं चार-चार हजारांच्या दोन प्रवासांचं. तुकड्या-तुकड्याने तिकिटं काढली असती तर चांगलेच जास्त पैसे गेले असते. आरक्षणाचा आकार प्रत्येक टप्प्याला वेगळा द्यावा लागतो, तो धरूनही. पूर्वी बायकांना 58 नंतर निम्मी सवलत होती. ती मार्च 2020 पासून बंद आहे. तिकीट हातात घेताना ते आठवलंच.

आरक्षणाबद्दल दोन गोष्टी सांगते. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते साठच दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते. त्यामुळे सगळे टप्पे एका दिवसात मिळत नाहीत. पहिले टप्पे झाले की पुढच्यांसाठी पुन्हा खिडकीवर जावं लागतं. दुसरी गोष्ट खालच्या बर्थची. वयाच्या कोट्यातून खालचा बर्थ हवा असेल तर एका तिकिटावर दोनच माणसं ठेवा. पुतण्या आणि सूनबाई काशीपर्यंत येतो म्हणाले होते. मी म्हटलं, या, पण तिकीट वेगळं काढा. शेवटी ते आलेच नाहीत.

निघालो ते दत्तजयंतीनंतर. गळीत हंगाम जोरात होता. काष्टीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, म्हणून सकाळीच घर सोडलं आणि दौंडला बसून राहिलो. दौंडबद्दल एक सांगायलाच हवं. दौंड जंक्शन वेगळं आणि दौंड कॉर्ड लाईन वेगळं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आता जंक्शनात शिरतच नाहीत, इंजिन फिरवायला लागू नये म्हणून बाहेरूनच वळतात. तिकिटावर कोणतं नाव आहे ते बघून रिक्षात बसा. आमची कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरकडून येते, ती जंक्शनलाच थांबते.

दौंड-मनमाड ही लाईन 1878 सालची. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर अशी आपलीच स्टेशनं खिडकीतून मागे गेली, गाडी कुठेच थांबली नाही. श्रीगोंदा रोड आलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "आत्ता साखळी ओढली तर संध्याकाळच्या भाकरीला घरी." हसल्या, पण डोळे पुसले त्यांनी. मीही गॅस बंद केला की नाही याचा विचार करत नगरपर्यंत गप्प होते.

दिल्ली लवकर उरकली. मोठ्या शहरात स्टेशनं अनेक असतात आणि नावं सारखी असतात, हा धडा मात्र तिथून कामाला आला. उतरलो नवी दिल्लीला. हरिद्वारची मसुरी एक्स्प्रेस सुटते जुन्या दिल्लीहून. मेट्रोने चावडी बाजार सोडून पुढचं चांदनी चौक, तिथे उतरलं की जुनी दिल्ली स्टेशन. चेन्नईतही तेच. उत्तरेकडून येणारी गाडी सेंट्रलला सोडते. रामेश्वरच्या गाड्या एग्मोरकडून किंवा तांबरमकडून सुटतात. वाराणसीच्या आसपास तर वाराणसी जंक्शन, बनारस, वाराणसी सिटी आणि काशी अशी चार स्टेशनं आहेत. बनारस म्हणजे पूर्वीचं मंडुआडीह. मी वहीत प्रत्येक टप्प्यापुढे उतरायचं स्टेशन आणि चढायचं स्टेशन वेगळ्या रकान्यांत लिहिलं होतं. रिक्षावाल्याला बोलून सांगण्यापेक्षा वही दाखवायची.

खरी परीक्षा हरिद्वार ते वाराणसी या टप्प्यात झाली. धुकं. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरेत ते पडतं हे ऐकून होते, म्हणूनच उत्तर आधी घेतली होती. तरी गाठलंच. लखनौ सोडलं आणि गाडी रांगायला लागली. थांबायची, शिट्टी द्यायची, थोडं जायची, परत थांबायची. खिडकीला नाक लावलं तरी शेजारचा रूळ दिसत नव्हता. डब्यातला एक रेल्वेत नोकरीला असलेला मुलगा सांगत होता की आता इंजिनात धुक्यासाठी यंत्र असतं. पुढचा सिग्नल किती लांब आहे ते ड्रायव्हरला त्यावर कळतं. पूर्वी सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके बांधायचे, चाक गेलं की आवाज व्हायचा. यंत्र असलं तरी वेग कमीच ठेवावा लागतो.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. गाडीला खानपानाचा डबा नव्हता. मधल्या एका छोट्या स्टेशनावर चहावाला आला आणि त्याच्याकडचा सगळा चहा आमच्याच डब्यात संपला. संडासातलं पाणी संपलं. पायात गोळे येतात म्हणून आक्का पॅसेजमधून फेऱ्या मारत होत्या. आम्ही घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. समोरच्या बाईंच्या मुलाला मळमळत होतं. आक्कांनी पिशवीतून आमच्या बागेतलं लिंबू काढलं, कापलं, मीठ लावलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. घरून निघताना त्यांनी लिंबांची अख्खी पिशवी घेतली होती आणि मी ओझ्यावरून कुरकुरले होते. त्या रात्री ती पिशवी डब्याभर फिरली.

उशीर जवळजवळ अर्ध्या दिवसाचा झाला. आमचं काही बुडालं नाही, कारण काशीत पुढची गाडी तीन रात्रींनंतरची होती. धर्मशाळेत फोन करून रात्री उशिरा येतो म्हणून सांगितलं, त्यांनी खोली ठेवली. शेजारच्या कुटुंबाची पुढची गाडी त्याच संध्याकाळची होती. ती गेली. दोन तिकिटांचे पीएनआर जोडून घेता येतात, ही सोय 2019 पासून आहे. तसं केलेलं असेल तर पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकल्यावर दुसरीचे पैसे परत मिळतात. त्यांनी जोडले नव्हते. पण पैसे मिळाले तरी त्या दिवसात ऐनवेळी दुसरं आरक्षण कुठून मिळणार? चक्राकार तिकिटावर तर एक टप्पा घसरला की पुढचे सगळे घसरतात. म्हणून उत्तरेत हिवाळ्यात दोन गाड्यांच्या मधे निदान एक रात्र मोकळी ठेवाच. जमलं तर दोन.

काशीत आक्का खुशीत होत्या. विश्वनाथाचं आत्ताचं देऊळ बांधलं अहिल्याबाईंनी, 1780 साली, आणि त्या आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला. महादजी शिंद्यांचा वाडा श्रीगोंद्यात आहे, तेव्हा आक्कांच्या हिशेबाने घाटही आपलाच. नाववाल्याशी त्यांनी त्या जोरावर घासाघीस केली. त्याने एक रुपया कमी केला नाही.

हावडा आणि पुरी नीट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. पुरीहून चेन्नईला जाताना खुर्दा रोडला गाडी बदलली. फलाट लांब होता आणि गाडी बदलायला वेळ थोडा. एका टप्प्याला आम्हाला दोन्ही बर्थ वरचे आले. टीसींना गुडघा दाखवला, त्यांनी एका तरुण मुलाला विचारून अदलाबदल करून दिली. असं दर वेळी होईल असं नाही. पण चार्ट लागल्यावर लगेच विचारलं तर शक्यता असते. रात्र झाल्यावर कोणी हलत नाही.

रामेश्वरच्या गाडीत सकाळी जाग आली तेव्हा मंडपम स्टेशनात उभे होतो. वारा सुटला होता. पांबनच्या पुलावर वाऱ्याचा वेग ठराविक मर्यादेच्या पुढे गेला की गाडी सोडत नाहीत. बरेच लोक उतरून शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून बसने गेले. मीही सामान गोळा करायला लागले. आक्का जागच्या हलल्या नाहीत. "तिकीट रेल्वेचं काढलंय, रेल्वेनेच जायचं." बसून राहिलो. समोरचे आजोबा मोडक्या हिंदीत सांगायला लागले की 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळात धनुष्कोडीजवळ अख्खी पॅसेंजर गाडी समुद्रात गेली होती. हे त्यांनी त्याच वेळी सांगायची काही गरज नव्हती.

वारा पडल्यावर गाडी हळूहळू पुलावर चढली. हा नवा पूल 6 एप्रिल 2025 ला सुरू झाला, लांबी दोन किलोमीटरच्या वर. बोटींना जायला मधला गाळा सरळ वर उचलला जातो. शेजारी 1914 चा जुना पूल होता. हे मी वाचलेलं. पूल संपेपर्यंत मी बाहेर पाहिलंच नाही, आक्कांचा दंड धरून बसले होते. "अगं, मच्छीमारांच्या होड्या बघ," "अगं, पाणी किती निळं," असं त्याच सांगत होत्या.

रामेश्वरहून कन्याकुमारीची थेट गाडी रोज नसते, वार बघूनच मुक्काम ठरवा. कन्याकुमारीहून पुण्याची एक्स्प्रेस सोलापूरमार्गे येते, दौंडला उतरता येतं. सगळ्यात लांबचा टप्पा तोच. त्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणि केळी आधीच घेतली. रेणिगुंटा आलं तेव्हा आक्कांनी बर्थवर बसूनच तिरुपतीकडे हात जोडले. दिशा बरोबर होती का ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

जाड चादरी नेल्या होत्या, त्या थर्ड एसीत एकदाही लागल्या नाहीत, अंथरूण-पांघरूण मिळतं. चाकाची बॅग एकीला एकच ठेवा. जिने फार असतात, आणि सरकते जिने बंद असतात तेव्हा हमालही सापडत नाही. गुडघ्याचा पट्टा, औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि साखळी-कुलूप घ्याच. गाडीची चौकशी आणि तक्रार, दोन्ही 139 वर होतात.

अर्जाची प्रत आणि टप्प्यांची वही माझ्याकडे आहे. कोणाला मार्ग उतरवून घ्यायचा असेल तर घरी या. पण दुपारी चारनंतर. तोपर्यंत आम्ही दोघी वावरात लिंबं तोडत असतो.