पाण्यातलं पॅराशूट

१ ऑगस्ट जवळ आला की बंदरावरच्या गप्पा ठरलेल्या असतात. डिझेलचा कोटा, बर्फाचा भाव, परप्रांतीय ट्रॉलर, एलईडीवाले, खलाशी मिळत नाहीत. प्रश्न खरेच आहेत, मीही त्यावर वेळोवेळी लिहिलंय. आज मात्र कापडाच्या एका तुकड्याबद्दल लिहायचंय. हसू नका, पूर्ण वाचा.

६१ दिवसांची बंदी ३१ जुलैला संपते, पण समुद्राला कॅलेंडर कळत नाही. जुनी माणसं नारळी पौर्णिमेची वाट बघतात ती उगाच नाही. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे तो मात्र पहिल्याच दिवशी निघतो.

खवळलेल्या समुद्रात तांडेलाचं पहिलं काम एकच. नाळ लाटेवर धरायची. लाट समोरून आली की बोट चढते आणि उतरते. तीच लाट बगलेत बसली की बोट कलंडते, डेकवरची जाळी आणि टब एका बाजूला सरकतात आणि पुढची लाट उरलेलं काम करते. इंजिन चालू आहे तोवर तांडेल बोट सांभाळतो. पण अशाच वेळी टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टर तुंबतो, नाहीतर पंख्यात दोर अडकतो. इंजिन बंद पडलं की बोट आपोआप लाटेला आडवी होते.

इथं हे कापड कामाला येतं. इंग्रजीत सी अँकर म्हणतात. नावात नांगर असला तरी हा तळाला जात नाही. जाड कापडाचा शंकू किंवा पॅराशूट लांब दोराने नाळेवरून पाण्यात सोडायचं. ते पाण्याने भरतं आणि तिथंच धरून राहतं. वारा बोटीला मागे ढकलतो, कापड पुढून ओढून धरतं, त्यामुळे नाळ वाऱ्याकडे राहते. जपानमध्ये माकूळ पकडणाऱ्या बोटी असं पॅराशूट रोजच्या कामात वापरतात. मोठ्या जहाजांच्या लाइफबोटीत तर ते आंतरराष्ट्रीय नियमाने ठेवावंच लागतं.

आमच्या भागातल्या एका तांडेलाने मला मागे त्याची एक रात्र सांगितली होती. इंजिन बंद, वारा चढलेला. त्याने जाळ्याचा गठ्ठा बांधला आणि नाळेवरून दोराने सोडून दिला. "जाळं गेलं तर नवं घेऊ, पत्रकार. बोट आडवी झाली असती तर जाळं घ्यायला कोण उरलं असतं?" सी अँकर हा शब्द त्याने कधी ऐकलेला नाही. युक्ती मात्र तीच.

पण निव्वळ कापड घेऊन भागत नाही. दोर बोटीच्या लांबीच्या निदान १० पट हवा, म्हणजे ४५ फुटी बोटीला ४५० फूट. तो नायलॉनचा असावा, कारण नायलॉन ताणतो आणि झटका सोसतो. नाळेवर जिथं घासतो तिथं जाड रबरी पाइप चढवावा, नाहीतर रात्रीत दोर तुटतो. परत घ्यायला शंकूच्या टोकाला वेगळी दोरी हवी. ती ओढली की कापड उलटतं आणि रिकामं होतं.

आणि मर्यादाही समजून घ्या. बोट थांबत नाही, हळूहळू वाहतच राहते. पावसाळी वारा किनाऱ्याकडे ढकलतो, म्हणून खडक जवळ असताना यावर विसंबू नये. तिथं तळाचा नांगरच हवा. उलट वादळात खाडीच्या तोंडातून आत घुसणं हाही जुगारच. हर्णैच्या बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत जातात, तिथल्या तोंडाशी साठलेल्या गाळाचं रडगाणं आपण किती वर्षं गातोय? उथळ पाण्यावर लाट फुटते, आणि फुटणारी लाटच बोट उलटवते. बाहेर मोकळं पाणी असेल तर कधीकधी बाहेर थांबणंच शहाणपणाचं ठरतं. पण थांबायचं कसं, हे आधी शिकवायला हवं ना?

२०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी वाहवत, धडपडत आपल्या देवगडला येऊन लागल्या होत्या. त्यानंतर इशारे सुधारले. आता ट्रान्सपॉन्डर बसतायत, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर आहे. चांगलंच आहे. पण ट्रान्सपॉन्डर फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगतो. मदत येईपर्यंतचे तास बोटीलाच काढायचे असतात.

म्हणून मच्छीमार सोसायट्यांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला माझं साधं मागणं आहे. पुढच्या बंदीत प्रत्येक बंदरावर एक दिवस तांडेल-खलाशांना हे खाडीत प्रत्यक्ष करून दाखवा. लाइफ जॅकेटच्या यादीशेजारी हे कापड आणि तो दोर लिहा, त्यावर अनुदान द्या. ताडपत्री शिवणारे कारागीर आपल्याकडेच आहेत.

ओळखीत कुणी तांडेल असेल तर त्याला हे वाचून दाखवा. आणि कुणी अशी रात्र काढली असेल तर खाली जरूर लिहा. तुमचा अनुभव माझ्या पोस्टपेक्षा जास्त कामाचा आहे.